चालेल ना सगळ्यांना?

आमच्या टीममध्ये निर्णय व्हायचे, पण टिकायचे नाहीत. सोमवारी ठरलेली गोष्ट गुरुवारी कुणीतरी उकरून काढायचं, आणि त्याचं कारण ऐकलं की वाटायचं, हे बैठकीतच बोलला असता तर! बैठकीच्या शेवटी आमचे टीम लीड दरवेळी विचारायचे, "चालेल ना सगळ्यांना?" दोन-चार माना हलायच्या आणि पुढचा विषय सुरू व्हायचा. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण त्या प्रश्नाला "नाही" म्हणायचं तर विषय संपत आलेला असताना, लोक लॅपटॉप मिटत असताना, सगळ्यांना अडवावं लागतं. रोजच्या कामाच्या बैठकीत एवढं बळ कुठून आणायचं?

आम्ही नऊ जण एका सॉफ्टवेअरची देखभाल करतो. दोघं कायम व्हिडिओवर असतात. मध्यंतरी मतदान करून पाहिलं. निकाल पटकन लागायचा, पण पाच विरुद्ध चार असा लागला की पंचाईत. कायदेमंडळात बहुमत पुरतं, कारण हरलेल्या बाजूला तो कायदा स्वतः राबवायचा नसतो. आमच्याकडे ज्याने विरोधात हात वर केला, त्यालाच पुढच्या आठवड्यात त्या निर्णयाप्रमाणे कोड लिहायचा असतो. मन लागत नाही, काम रेंगाळतं आणि शेवटी निर्णयच गळून पडतो. म्हणून मी टीमसमोर मांडलं, की एक तिमाही सहमतीने निर्णय घेऊन पाहू. बैठका मी चालवते. तिमाही संपल्यावर नको वाटलं तर सोडून देऊ.

तयारी म्हणून वाचायला लागले तेव्हा कळलं, की या पद्धतीमागे साडेतीन शतकांचा सराव आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. त्यांच्या कामकाजाच्या सभेत मतदान होत नाही. सभेचा लेखनिक सगळ्यांचं ऐकतो, सभेचा कल कुठे झुकतो आहे ते ओळखतो, तिथल्या तिथे ठराव लिहितो आणि वाचून दाखवतो. सभेला तो पटला तरच इतिवृत्तात जातो. क्वेकरांशी जवळचा संबंध असलेले डच शिक्षणतज्ज्ञ केस बूके यांनी 1926 मध्ये नेदरलँड्समधल्या बिल्टहोवन इथे शाळा काढली आणि तिचा कारभार याच धर्तीवर, मुलांना बरोबर घेऊन चालवला. त्या शाळेत शिकलेले गेरार्ड एंडेनबर्ग पुढे इंजिनिअर झाले आणि 1970 च्या आसपास त्यांनी आपल्या घरच्या इलेक्ट्रिकल कंपनीत ही पद्धत रुजवली. त्यांनी कसोटी थोडी बदलली: प्रस्ताव सगळ्यांना आवडायला हवा असं नाही, त्याच्याविरुद्ध सकारण आणि गंभीर हरकत उरलेली नसावी, एवढं पुरे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. सगळ्यांना आवडेल असं काही शोधत बसलं तर नऊ जणांचं एकमत फक्त गुळमुळीत गोष्टींवर होतं. सगळ्यांना निभावता येईल असं शोधलं, तर ठोस काहीतरी ठरतं.

सुरुवात विषयपत्रिकेपासून केली. आधी आमच्याकडे एकेका शब्दाच्या ओळी असायच्या: "टेस्टिंग", "रिलीज", "सपोर्ट". त्यावरून बोलायचं आहे की ठरवायचं आहे, हेच कळायचं नाही. आता प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात लिहितो आणि पुढे खूण करतो: माहिती, चर्चा की निर्णय. ज्याच्यापुढे "निर्णय" लिहिलं आहे, त्याचा लेखी प्रस्ताव किमान दोन दिवस आधी यायलाच हवा. एकच पान. अडचण काय आहे, काय करावं असं वाटतं, त्याने कुणाचं काम बदलेल, आणि कशाची खात्री नाही. हा शेवटचा भाग मी आग्रहाने ठेवला. प्रस्ताव लिहिणाऱ्यानेच "याची मला खात्री नाही" असं लिहिलं की इतरांना शंका काढणं सोपं जातं, तो कुणावर हल्ला राहत नाही.

आणि तरीही लोक प्रस्ताव वाचून येत नाहीत. यावर चिडण्यात अर्थ नाही, सगळ्यांना कामं असतात. म्हणून निर्णयाच्या विषयाआधी पाच मिनिटं सगळे जागच्या जागी मुकाट्याने वाचतात. काहींना ही पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. माझ्या मते अख्ख्या बैठकीतली ती सगळ्यात कामाची पाच मिनिटं आहेत.

त्यानंतर फेऱ्या. फेरीत प्रत्येक जण पाळीने बोलतो, मध्ये कुणी तोडत नाही, "माझं काही नाही" म्हणून पुढे जाण्याची मुभा असते. पहिली फेरी फक्त समजून घेण्याच्या प्रश्नांची, दुसरी मतांची, तिसरी हरकतींची. पहिली फेरी राखणं सगळ्यात अवघड. "तुला असं नाही का वाटत की यात फार वेळ जाईल?" हा दिसायला प्रश्न, आत मतच. अशा वेळी मी म्हणते, "हे पुढच्या फेरीसाठी लिहून ठेव, विसरायचं नाही." पहिल्या काही बैठकांत हे पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. पुढे लोकच एकमेकांना म्हणू लागले.

फेरी कुणापासून सुरू करायची, याला मी खूप महत्त्व देते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी कोणती, इतकं सोपं काम. पण खोलीतले बाकीचे लोक, जे प्रयोग करणाऱ्याला सामील होते, मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. अशा 12 फेऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला जाऊन मिळाली. मात्र सामील लोकांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली यायचं. डोळ्यांसमोरच्या रेषेबाबत हे होतं, तर अजून जन्माला न आलेल्या सॉफ्टवेअरबाबत काय होत असेल! आमच्याकडे म्हणून प्रत्येक जण आधी दोन मिनिटं आपलं मत कागदावर लिहितो, मग बोलतो. व्हिडिओवरचे दोघं आधी, टीममध्ये नवे असतील ते त्यांच्यानंतर, टीम लीड सगळ्यात शेवटी. टीम लीडना हे सांगायला जरा धाकधूक होती. त्यांनी एका शब्दात होकार दिला, आणि नंतर म्हणाले, की शेवटी बोलायचं असल्यामुळे त्यांचं निम्म्याहून जास्त बोलणं इतरांच्या तोंडून आधीच येऊन गेलेलं असतं.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती ऑन-कॉल ड्यूटीच्या विषयात. रात्री सिस्टिम बंद पडली तर कोण उठणार? तोवर ज्याला फोन लागेल तो उठायचा, म्हणजे तेच ते दोघं-तिघं. त्यांच्यापैकी एकाने प्रस्ताव लिहिला: प्रत्येकाने आळीपाळीने एक आठवडा ड्यूटी करायची. वरवर पाहता यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आधीची पद्धत असती तर पाच मिनिटांत माना हलल्या असत्या.

मतांच्या फेरीत टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "मला ड्यूटी करायला आवडेल, पण डेटाबेस कसा परत उभा करायचा हे मला अजून माहीत नाही. रात्री दोन वाजता मी एकटी असेन तर बिघाड वाढवून ठेवेन." ही हरकत सरळ कामाशी जोडलेली होती, आणि बाकी कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण बाकी कुणी नवं नव्हतं. आम्ही प्रस्तावातच दुरुस्ती केली: प्रत्येक आठवड्याला दोघांची जोडी, पहिला फोन एकाला, अडलं तर दुसऱ्याला, आणि जोडीतला एक तरी जुना.

मग एक सहकारी हळूच म्हणाले, की त्यांच्या घरी आजारी माणूस आहे, रात्री त्यांना कधीही हॉस्पिटलमध्ये धावावं लागतं. इथे मला थांबून विचार करावा लागला. पद्धतीनुसार हरकत टीमच्या हेतूशी निगडित असावी लागते, वैयक्तिक सोयीची नाही. पण नीट पाहिलं तर ही टीमचीच हरकत होती. ज्या रात्री ते हॉस्पिटलमध्ये असतील, त्या रात्री सिस्टिमकडे बघायला कुणी नसेल. मी तसं बोलून दाखवलं. दुसरी दुरुस्ती ठरली: कुणीही कारण न सांगता पाळी बदलून मागू शकेल, आणि बदल जमवायचं काम जोडीदाराचं. "कारण न सांगता" हे शब्द त्यांनी मागितले नव्हते. दुसऱ्याच कुणीतरी सुचवले, आणि ते प्रस्तावात गेल्यावर टेबलाभोवतीचं वातावरण मोकळं झालं.

तिसरी हरकत वेगळ्या जातीची होती. आमच्यातल्या सर्वात अनुभवी बाईंना रात्रीची ड्यूटीच मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, सिस्टिमकडून रात्री येणारे बहुतेक इशारे सकाळपर्यंत थांबू शकतात, आधी ते इशारे निस्तरा. आम्ही बरंच बोललो. इशारे तपासायला वेळ लागणार होता आणि तोवर रात्र रिकामी सोडणं बाकीच्यांना पटेना. त्यांनाही ते दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मला हे पटलेलं नाही, पण मी अडवणार नाही. माझ्या पाळीला मी ड्यूटी करेन. माझं कारण लिहून ठेवा." सहमतीच्या पद्धतीत यासाठी जागा ठेवलेली असते, बाजूला उभं राहण्याची. विरोध नोंदवायचा, वाट सोडायची, आणि निर्णय पाळायचा. त्यांचं नाव, कारण आणि फेरविचाराची तारीख निर्णयाच्या खालीच लिहिली. ती तारीख आली तेव्हा रात्रीच्या नोंदी समोर ठेवल्या. बरेचसे इशारे खरोखरच सकाळपर्यंत थांबण्यासारखे होते. इशाऱ्यांच्या मर्यादा बदलायच्या हे ठरायला फार वेळ लागला नाही, कारण युक्तिवाद आधीच लिहिलेला होता आणि त्यावर कुणाचं नाव आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

निर्णयाची वाक्यं बैठकीतच लिहायची आणि मोठ्याने वाचायची, ही क्वेकरांची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली. आधी मिनिट्स दुसऱ्या दिवशी मेलने यायची आणि कुणी उघडायचंही नाही. आता पडद्यावर सगळ्यांसमोर वाक्य टाइप होतं: काय ठरलं, कोण करणार, केव्हापर्यंत, फेरविचार केव्हा. "आपण सगळे हो म्हणालो" असं वाटत असताना वाक्य लिहायला घेतलं, की दोघांच्या डोक्यात दोन वेगळे निर्णय होते, हे हमखास बाहेर येतं. कुणाला फक्त एकच गोष्ट करून पाहायची असेल, तर मी हीच सुचवेन.

हरकतींच्या फेरीनंतर कल बघायला आम्ही बोटं दाखवतो. पाच बोटं म्हणजे मनापासून पाठिंबा, तीन म्हणजे निभावेल, दोन किंवा एक म्हणजे बोलायचं आहे, मूठ म्हणजे मी हे होऊ देऊ शकत नाही. सगळ्यांनी एकदम दाखवायची, नाहीतर पुन्हा एकमेकांकडे बघणं आलं. दोन बोटं दाखवणाऱ्याला मी "का?" असं विचारत नाही. "काय बदललं तर तीन होतील?" असं विचारते. "का?" ऐकलं की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. दुसऱ्या प्रश्नावर तो दुरुस्ती सुचवायला लागतो.

मूठ मात्र जपून वापरायची. सतराव्या-अठराव्या शतकातल्या पोलंडच्या संसदेत एका सदस्याच्या हरकतीवर अख्खं अधिवेशन मोडीत निघू शकायचं. 1652 मध्ये ही प्रथा पहिल्यांदा तशी वापरली गेली आणि पुढे राज्याचा कारभार तिच्यापायी खिळखिळा झाला. 1791 च्या राज्यघटनेने ती रद्द केली. एका माणसाच्या हातात नुसताच नकार असला आणि त्यासोबत कसलंच उत्तरदायित्व नसलं तर काय होतं, याचं हे उदाहरण मी टीमला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आमचा नियम असा: जो मूठ दाखवेल त्याने आठवड्याच्या आत प्रस्ताव लिहिणाऱ्याबरोबर बसून नवा मसुदा आणायचा. नकाराला काम जोडलं, की तो विचार करूनच दिला जातो. आणि दिला गेला, तर सगळे तो गांभीर्याने घेतात.

अवघड विषयात मधला एक टप्पा हटकून येतो. सगळी मतं टेबलावर असतात, एकही दुसऱ्याशी जुळत नाही, लोक थकतात आणि कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, पहिलं होतं तेच करू." गटाने निर्णय कसे घ्यावेत यावर लिहिणारे सॅम केनर यांनी या टप्प्याला "ग्रोन झोन", म्हणजे कण्हण्याचा टप्पा, असं नाव दिलं आहे. तो येणारच, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. मी तेव्हा टीमला सांगते, की आपण आता मधोमध आहोत. मग फक्त दोघांना किंवा तिघांना पुढच्या बैठकीपर्यंत मसुदा जुळवायला देते, त्यातला एक प्रस्तावाच्या बाजूचा आणि एक विरोधातला. नऊ जणांनी मिळून एक वाक्य दुरुस्त करायचं म्हटलं तर ते होत नाही.

बैठक चालवणाऱ्याचं स्वतःचं मत असतंच. एखाद्या विषयावर माझं मत ठाम असेल, तर त्या विषयापुरती मी खुर्ची दुसऱ्याला देते आणि फेरीत माझ्या पाळीला बोलते. त्यातूनच हळूहळू बैठका चालवणं सगळ्यांमध्ये फिरू लागलं. याचा एक फायदा लगेच दिसला. ज्याने एकदा बैठक चालवली आहे, तो पुढच्या बैठकीत मध्येच बोलत नाही.

सगळंच सहमतीला आणत नाही. रात्री सर्व्हर पडला तर जो ड्यूटीवर आहे तो ठरवतो. छोट्या, सहज मागे घेता येणाऱ्या बदलांसाठी आम्ही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत चालणारी रीत घेतली. प्रस्ताव लेखी टाकायचा, निदान 72 तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरायची. कुणी मला विचारलं होतं, की बैठकीतल्या गप्प बसण्याला तुम्ही संमती मानत नाही, मग इथे कशी मानता? प्रश्न रास्त आहे. फरक असा, की तिथे प्रत्येकाकडे लेखी मजकूर असतो, आपल्या सवडीने वाचायला वेळ असतो, नाही म्हणायला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि निर्णय चुकला तर मागे घेता येतो. यातली एक जरी गोष्ट नसेल तर गप्प राहण्यावरून काहीही ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हरकती ऐकायच्या म्हणजे सगळ्या मान्य करायच्या, असं मात्र नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्येही मतदान होत नाही. तिथली जुनी रीत अशी, की समोरासमोरच्या बैठकीत अध्यक्ष प्रश्न विचारायचे आणि लोक हुंकार द्यायचे, त्यावरून कल कळायचा. 2014 मध्ये त्यांनी आपल्या या रीतीवर एक दस्तऐवज काढला. त्याचा गाभा असा, की प्रत्येक हरकतीची दखल घेऊन तिला उत्तर दिलेलं असावं, प्रत्येक हरकत मान्य करायलाच हवी असं नाही. म्हणूनच तिथे शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असतानाही सहमती झालेली नसू शकते, जर त्या पाचांच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नसेल. डोकी मोजायची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. आम्हालाही लागला.

आणि सहमती झालीच नाही तर? हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावं. सागरी कायद्यावरची संयुक्त राष्ट्रांची परिषद 1973 ते 1982 अशी वर्षानुवर्षं सहमतीसाठी धडपडली, पण सगळे प्रयत्न संपले तर मतदान घ्यायचं हे तिने सुरुवातीलाच कबूल केलं होतं. 1982 मध्ये ती वेळ आलीच: 130 बाजूने, 4 विरोधात, 17 तटस्थ. आमचा नियम असा, की एक विषय तीन बैठकांत सुटला नाही तर टीम लीड ठरवतील, आणि तो निर्णय सहमतीने झालेला नाही हे स्पष्ट लिहिलं जाईल.

हा नियम आजवर एकाच विषयात लागला. सॉफ्टवेअरचा जुना भाग दुरुस्त करत राहायचं की नव्याने लिहायला घ्यायचा, यावर टीम सरळ दुभंगली. प्रत्येक हरकतीला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तराला नवी हरकत. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी टीम लीडनी दुरुस्तीची बाजू घेतली. निर्णयाखाली विरोधाची तिन्ही कारणं नावांसह लिहिली, आणि कोणती लक्षणं दिसली तर विषय पुन्हा उघडायचा हेही लिहिलं. त्यातलं एक लक्षण आता दिसायला लागलं आहे. पुढच्या महिन्यात विषय पुन्हा विषयपत्रिकेवर येतो आहे. प्रस्ताव या वेळी विरोध नोंदवणाऱ्यांपैकी एक जण लिहितो आहे, आणि "कशाची खात्री नाही" हा भाग भरायला त्याने दुरुस्तीच्या बाजूच्या एकीला शेजारी बसवलं आहे.